जुनी बीएमडब्ल्यू एम४ कूपे घेताना आणि घेतल्यावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान २०१४ ते २०२० या काळात बनलेल्या एम४ कूपेबद्दल आहे. कारखान्याच्या भाषेत ती एफ८२, आणि तिच्यातलं इंजिन एस५५. महाराष्ट्रात जुन्या बाजारात सापडणाऱ्या दोन दारांच्या वेगवान गाड्यांत हिच्याबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते, म्हणून उदाहरण हिचंच धरलं आहे.

एवढी भारी गाडी एवढ्या स्वस्तात कशी? काहीतरी गोम असणारच ना?

गोम गाडीत असेलच असं नाही, ती बाजारात आहे. २०१४ च्या अखेरीस ही गाडी भारतात आली तेव्हा एक्स-शोरूम किंमत १ कोटी २१ लाखांच्या घरात होती, आणि गाडी पूर्ण बांधलेलीच आयात व्हायची. आज ती निम्म्याच्याही खाली मिळू शकते, कारण गिऱ्हाईक थोडं. मागे दोनच सीट, दार लांबलचक, चाल कडक आणि पोटाखाली जागा नाही. एवढे पैसे असलेला माणूस सहसा नवी एसयूव्ही घेतो.

पण किंमत गाडीची उतरली, सुट्या भागांची नाही. ब्रेक डिस्क, हेडलाइट, शॉक ॲब्सॉर्बर आजही कोट्यवधीच्या गाडीच्याच भावाने मिळतात. त्यामुळे सगळे पैसे खरेदीत घालू नका. खरेदी किमतीच्या पंधरा टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवता येत नसेल, तर त्याच पैशात एक पायरी खालची गाडी घ्या.

चालवायला नक्की कशी आहे? आकडे नकोत, चव सांगा.

थोडे आकडे लागतीलच. २९७९ सीसी, ओळीत सहा सिलिंडर, दोन टर्बो, ४३१ अश्वशक्ती, ५५० न्यूटन मीटर टॉर्क, आणि हे सगळं फक्त मागच्या चाकांना. शून्य ते शंभर सुमारे ४.१ सेकंदांत. पूर्ण टॉर्क १८५० आरपीएमलाच हजर होतो, म्हणजे चौथ्या गिअरमध्ये ओव्हरटेक करतानासुद्धा गिअर टाकायची गरज पडत नाही. टर्बो असूनही इंजिन साडेसात हजारांपर्यंत मोकळं फिरतं, आणि हेच तिचं खरं सुख.

ताम्हिणीत किंवा आंबोलीत सकाळी लवकर, रस्ता कोरडा आणि रिकामा असताना, तिसऱ्या गिअरमध्ये वळणावरून वळणावर जाताना पुढची चाकं नेमकी कुठे आहेत ते कळत राहतं. वेग कायद्यात असतानाही मजा येते हे महत्त्वाचं, कारण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात मर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे आणि वर कॅमेरे आहेत. ४३१ घोडे शंभरच्या मर्यादेत कंटाळतात. वळणावर मात्र ताशी ५० सुद्धा पुरतात.

स्टिअरिंगवर आपली मांडणी साठवायची एम१ आणि एम२ अशी दोन बटणं असतात. एम१ वर स्टिअरिंग कम्फर्ट, सस्पेन्शन कम्फर्ट, इंजिन स्पोर्ट असं बसवून ठेवा. आपल्या रस्त्यांवर स्पोर्ट प्लस सस्पेन्शनचा उपयोग दात वाजवण्यापलीकडे नाही. आवाजाबद्दल एक खरी गोष्ट: आत ऐकू येणाऱ्या आवाजाचा काही भाग स्पीकरमधून येतो. काहींना हे कळल्यावर वाईट वाटतं.

रोज ऑफिसला नेता येईल का?

येईल, पण गिअरबॉक्सचा स्वभाव समजून घ्या. सात गिअरचा डीसीटी म्हणजे दोन क्लच असलेला मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच यंत्र दाबतं. साध्या ऑटोमॅटिकसारखा टॉर्क कन्व्हर्टर नाही. सिंहगड रोडला किंवा घोडबंदरला बंपरला बंपर लागलेला असताना फूट-फूट सरकत राहिलात तर क्लच अर्धवट पकडून तापतो. पुढच्या गाडीला दोन गाड्यांइतकं अंतर जाऊ द्या, मग एकदम सरका. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू द्या.

पार्कसाठी वेगळं बटण नाही. गिअरमध्ये असताना इंजिन बंद केलं की पार्क आपोआप लागतो. न्यूट्रलमध्ये बंद केलं तर नाही. हँडब्रेक जुन्या पद्धतीचा हाताने ओढायचा आहे, तो ओढायची सवय ठेवा.

घेण्याआधी सोसायटीतलं पार्किंग टेपने मोजा. गाडी १८७० मिलिमीटर रुंद आहे आणि दार उघडायला शेजारी निदान ७०० मिलिमीटर लागतात. स्टॅक पार्किंगच्या लोखंडी पाट्याची चढण तीव्र असेल तर पुढचा ओठ घासतोच.

मायलेज शहरात पाच-सहा, महामार्गावर नीट चालवली तर दहाच्या आसपास. टाकी ६० लिटरची.

कोणत्या वर्षाची बघावी?

२०१७ च्या फेसलिफ्टनंतर एलईडी हेडलाइट सुधारले. २०१७ च्या अखेरीस कार्बन फायबरचा प्रॉपेलर शाफ्ट (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा) जाऊन पोलादी आला. कार्बनचा शाफ्ट वाईट नाही, पण त्यावर खोल ओरखडा किंवा चीर दिसली तर तो दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. कॉम्पिटिशन पॅकेज असेल तर ४५० अश्वशक्ती आणि २० इंची चाकं. आपल्या खड्ड्यांना १९ इंचीच बऱ्या.

बाकी वर्षापेक्षा इतिहास बघा. ४५ हजार किलोमीटर चाललेली, दरवर्षी तेल बदललेली गाडी ही १२ हजार चालून चार वर्षं कव्हरखाली झोपलेल्या गाडीपेक्षा बरी. हे लोकांना पटत नाही. जाहिरातीत 'फक्त १२,०००' वाचलं की हात थरथरतात.

कागदपत्रांत काय तपासायचं?

आरसीवर मालक कितवा, चासी आणि इंजिन नंबर जुळतात का, बोजा आहे का. कर्ज फिटलेलं असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात घ्या, 'पाठवतो' वर जाऊ नका. हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३०. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर सही करणाऱ्याला अधिकार देणारा संचालक मंडळाचा ठराव मागा. ई-चलन ऑनलाइन तपासा. या गाड्यांवर वेगाची चलनं साठलेली असतात आणि ती नंबराला चिकटतात. १ एप्रिल २०१९ आधी नोंदलेली असेल तर एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर) पाटी बसवली आहे का तेही बघा.

दोन्ही चाव्या हव्यातच. आणि २,००० किलोमीटरला झालेल्या पहिल्या तपासणीची नोंद. बीएमडब्ल्यूच्या एम नावाच्या वेगवान गाड्यांना तेव्हा इंजिन ऑइल आणि डिफरन्शिअल ऑइल बदलणं सक्तीचं असतं. ती नोंद नसेल तर पहिला मालक बेफिकीर होता एवढं तरी नक्की कळतं.

दिल्लीची गाडी पाच-सात लाखांनी स्वस्त आहे. आणू का?

आधी करांचं गणित करा. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो. तिकडच्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, इथे नव्या नंबरासाठी फॉर्म २७, आणि महाराष्ट्राचा एकरकमी कर. हा कर तुम्ही किती रुपयांना घेतली यावर नाही, तर गाडीची मूळ किंमत आणि वय यावर बसतो. २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला मूळ दर १३ टक्के, आयात केलेल्या किंवा कंपनीच्या नावावरच्या गाडीला २०. तुमच्या गाडीला नेमका कोणता लागतो आणि वयाची सूट किती, तो आकडा सौद्याआधी आरटीओतून काढून घ्या. तिकडच्या कराचा परतावा मागता येतो, पण तो तिथल्या मूळ कराच्या हिशोबाने आणि उरलेल्या वर्षांपुरता. सात लाखांची बचत इथेच जिरते, आणि चार-सहा महिने हेलपाटे वेगळे.

गाडी बघायला गेल्यावर काय करायचं?

विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगा: मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर विचारा का. थंड इंजिनच खरं बोलतं.

सुरू करताना कोणीतरी मागे उभं राहावं. पहिलं अर्धं मिनिट इंजिन मुद्दाम वरच्या आरपीएमवर आणि मोठ्या आवाजात चालतं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवण्यासाठी. ते ठीक आहे. थोडी पांढरी वाफ ठीक आहे. निळसर धूर असेल तर तेल जळतंय. पांढरा गोडसर वासाचा धूर येतच राहिला तर कूलंट आत जातंय. पुढून साखळी खडखडल्यासारखा आवाज दोन सेकंदांहून जास्त टिकला तर तिथेच थांबा.

मग गाडी लिफ्टवर घ्यायलाच हवी. खालचं प्लास्टिकचं आवरण काढायला लावा. विकणारा नको म्हणाला तर सौदा नको. आवरणाच्या आतल्या बाजूला तेलाचा थर असेल तर ऑइल पॅन गॅस्केट किंवा व्हॉल्व्ह कव्हर गॅस्केट झिरपतंय. गॅस्केट स्वस्त, पण ऑइल पॅन काढायला पुढचा सबफ्रेम खाली उतरवावा लागतो, त्यामुळे मजुरीच खरा खर्च. याच वेळी पुढच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावरचे ओरखडे बघा. थोडे सगळ्यांनाच असतात. पत्रा आत दबलेला असेल तर गाडी जोरात आदळली आहे.

चाकं काढून आतली कड बघा. खड्ड्याने वाकलेली अलॉय बाहेरून साफ दिसते. टायर बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक फिरवलं की डगमग लगेच दिसते.

शेवटी निदान यंत्र लावा, आणि ते बीएमडब्ल्यूचं इस्टा सॉफ्टवेअर चालणारं हवं. बाजारातला दोन हजारांचा ओबीडी डोंगल पुरत नाही. किलोमीटरचा आकडा मीटरखेरीज इतर मॉड्यूलमध्येही साठतो. मीटर फिरवणारे सगळीकडचा बदलत नाहीत, म्हणून आकडे एकमेकांशी ताडून बघा. आणि नुकतेच पुसलेले फॉल्ट हेसुद्धा उत्तरच असतं. म्हणून पन्नासेक किलोमीटर चालवून दुसऱ्यांदा स्कॅन करा.

रंगाच्या जाडीचा मीटर लावला तर आकडाच येत नाही. मीटर बिघडला?

नाही. बॉनेट आणि पुढचे फेंडर ॲल्युमिनियमचे, छप्पर कार्बनचं, डिकीचं झाकणही पोलादी नाही. लोहचुंबकावर चालणारा साधा मीटर तिथे गप्प बसतो. ॲल्युमिनियमही मोजणारा मीटर आणा. ८० ते १५० मायक्रॉनला मूळ रंग समजा, ३०० च्या वर पुट्टीचा संशय घ्या. कार्बनच्या छपरावर नजरेनेच बघायचं: उन्हाने वरचा लॅकर पिवळट किंवा ढगाळ झाला आहे का. हा दिसण्याचा दोष आहे, पण लॅकर उतरवून परत मारायचा खर्च भावात धरा.

क्रँक हब म्हणजे काय? सगळे त्यालाच घाबरतात.

क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाला एक हब असतो. त्यावर टायमिंग चेन फिरवणारं दातेरी चाक आणि ऑइल पंप चालवणारं चाक बसतं. हे सगळं एकाच मध्यवर्ती बोल्टने दाबून धरलेलं असतं. मध्ये चावी नाही, खाच नाही, केवळ घर्षणावर पकड. झटका मोठा बसला तर चाक हबवर काही अंश सरकतं. मग पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची वेळ चुकते.

थोडं सरकलं तर गाडी सुरू व्हायला कुरकुरते, ताकद कमी होते, स्क्रीनवर ड्राइव्हट्रेनचा इशारा येतो, आणि स्कॅनमध्ये कॅमशाफ्ट-क्रँकशाफ्ट जुळत नसल्याचा फॉल्ट दिसतो. जास्त सरकलं तर व्हॉल्व्ह पिस्टनला आदळतात. मग इंजिन उघडण्याशिवाय गत्यंतर नाही.

मूळ ट्यूनवरच्या, नीट वापरलेल्या गाडीत हे क्वचित होतं. धोका वाढतो तो ताकद वाढवलेल्या गाडीत, आणि वरच्या वेगात हाताने सटासट गिअर खाली टाकणाऱ्याकडे, कारण तेव्हा आरपीएम एका झटक्यात चढतात. उपाय म्हणून पिन ठोकून हब जखडतात किंवा एकसंध हब बसवतात. हे काम टायमिंग लॉक करण्याची खास हत्यारं असलेल्या माणसाकडूनच करून घ्या. साधी गाडी असेल आणि साधीच ठेवायची असेल, तर नुसत्या भीतीपोटी हा खर्च करू नये असं आमचं मत. रिमॅप केलेली (इंजिनाच्या संगणकातली फाइल बदलून ताकद वाढवलेली) गाडी घेताय आणि हबचं काम झालेलं नाही, तर तो खर्च भावातून कापा.

या इंजिनात त्याहून जास्त वेळा काय बिघडतं?

टर्बोची गरम हवा थंड करणारा कूलर इंजिनाच्या डोक्यावर बसतो आणि तो पाण्यावर चालतो. त्याची कूलंटची टाकी मुख्य टाकीहून वेगळी आहे. बहुतेक लोक मुख्य टाकीच बघतात. दुसऱ्या टाकीची पातळी बाहेर कुठे थेंब नसताना उतरत असेल तर कूलर आतून फुटला असू शकतो, आणि ते पाणी सरळ सिलिंडरमध्ये जातं. रात्रभर साठलं तर सकाळी सुरू करताना कनेक्टिंग रॉड वाकतो. दर दोन आठवड्यांनी, थंड इंजिनावर, दोन्ही टाक्या बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

हवेचे प्लास्टिकचे चार्ज पाइप उष्णतेने ठिसूळ होतात. फुटला की 'फस्स' असा आवाज होतो आणि ताकद एकदम जाते. गाडी हळूहळू घरी येते, इंजिनाला सहसा इजा होत नाही. बदलताना ॲल्युमिनियमचे घाला.

एक्झॉस्टच्या फ्लॅपची मोटर गंजून किरकिरते, कोकणात आणि समुद्राकाठी लवकर. आणि गाडी बंद केल्यावर पंखा किंवा पंप दोन-चार मिनिटं चालू राहिला तर तो बिघाड नाही, टर्बो थंड होत असतात.

डीसीटी चांगला आहे हे कसं ओळखायचं?

अर्धा तास रहदारीत चालवून, गरम झाल्यावर. रिव्हर्समधून ड्राइव्हमध्ये टाकल्यावर दीड सेकंदात पकड यायला हवी. चढावर अगदी हलक्या पायाने निघताना सगळी गाडी थरथरली तर क्लच झिजलेत किंवा ॲडाप्टेशन (क्लचची पकड कुठे येते याची संगणकातली नोंद) बिघडलंय. ॲडाप्टेशन इस्टाने नव्याने करून घेता येतं, आणि पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं. म्हणून 'क्लच गेला' असं सांगणाऱ्या गॅरेजला आधी हे करायला सांगा. गिअरबॉक्सचं तेल जन्मभर टिकतं असं म्हणतात. आपल्या उन्हात आणि रहदारीत ६० हजार किलोमीटरला बदला, ठरवून दिलेल्या डीसीटीच्याच तेलाने. साध्या ऑटोमॅटिकचं तेल चुकूनही नको.

सर्व्हिसमध्ये कशाला काय लागतं?

इंजिन ऑइल ६.५ लिटर, फिल्टरसकट, बीएमडब्ल्यूच्या मान्यतेचं. ०डब्ल्यू-४० आपल्या हवेला ठीक. गाडी पंधरा हजारांचा आकडा दाखवेल, तुम्ही १० हजार किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते धरा. महिन्यातून दोनदाच फिरणाऱ्या गाडीलाही वर्षाचा नियम लागू. तेलाची कांडी नाही. पातळी आयड्राइव्हच्या पडद्यावर, इंजिन गरम असताना आणि गाडी सपाट जागी उभी असताना मोजायची. याच तेलाचा एक सीलबंद लिटर डिकीत ठेवा, कारण वाटेतल्या कुठल्याही पंपावर ते मिळणार नाही.

एअर फिल्टर दोन आहेत. काही गॅरेज एकच बदलून दोनाचे पैसे लावतात. जुने दोन्ही दाखवायला सांगा. स्पार्क प्लग सहा, ५० हजारांच्या आत. रिमॅप असेल तर २५ हजारांना. ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी, गाडी चालो न चालो. डिफरन्शिअल ऑइल ४० ते ५० हजारांना. कूलंट चार वर्षांनी, मान्यतेचंच, डिस्टिल्ड पाण्यात निम्मंनिम्म. नळाचं पाणी घालणाऱ्याला गाडीला हात लावू देऊ नका.

भाग मागवताना चासी नंबरची शेवटची सात अक्षरं द्या. 'एम४चा ब्रेक पॅड' एवढं सांगून मागवलेला भाग साध्या ४ सिरीजचा निघण्याची शक्यता मोठी.

पेट्रोल कोणतं? ई२० चं काय?

या इंजिनाला ९८ ऑक्टेन उत्तम, ९५ किमान. ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) येण्याआधी साधं पेट्रोल ९१ चं असायचं. ९५ च्या खालचं घातलं तर इंजिन खटखट टाळण्यासाठी स्पार्कची वेळ मागे घेतं आणि ताकद कमी करतं. एकदा नाइलाजाने घातलं तर काही बिघडत नाही, फक्त तोवर पाय हलका ठेवा. शहरात ९५ ऑक्टेनचं मिळतं. ९९ किंवा १०० ऑक्टेनचे पंप तुमच्या वाटेवर कुठे आहेत ते एकदा शोधून ठेवा.

ही गाडी किती टक्के इथेनॉल सहन करते ते तिच्या मॅन्युअलमध्ये बघून घ्या. रोज चालणाऱ्या गाडीत पेट्रोल टाकीत फार दिवस राहत नाही. खरा त्रास उभ्या गाडीला: इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि इंधनाच्या वाटेवरचे रबरी भाग वेळेआधी जुने होतात. महिनाभर उभी राहणार असेल तर १०० ऑक्टेनचं, इथेनॉल नसलेलं पेट्रोल भरून टाकी वरपर्यंत ठेवा. भरण्याआधी पंपावर विचारून खात्री करा.

टायर आणि ब्रेकचा खर्च किती धरायचा?

१९ इंचीला पुढे २५५/३५, मागे २७५/३५. चांगल्या कंपनीचे चार टायर दीड-दोन लाखांच्या घरात जातात. मागचे पुढच्यांच्या निम्म्या वेळेत संपले तर आश्चर्य नको. बाजूवरचे चार आकडे वाचा: ३२१९ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. सहा वर्षांवरचा टायर नक्षी शाबूत असली तरी टाका. रबर कडक झालेलं असतं.

स्टेपनी नाही, आणि टायर रनफ्लॅटही नाहीत. पंक्चरवाल्याचा जॅक गाडीखाली शिरत नाही. त्यासाठी चार सेंटिमीटर जाड, दीड फूट लांबीच्या दोन फळ्या डिकीत ठेवा. चाक फळीवर चढवलं की जॅक जातो. सोबत स्ट्रिपचं पंक्चर किट, छोटा पंप आणि टो हुक (गाडी ओढून न्यायचा). हा हुक जुन्या गाड्यांत हमखास हरवलेला असतो. तो नसेल तर क्रेनवाला गाडी कशाला बांधेल ते बघवत नाही.

निळ्या कॅलिपरचे ब्रेक पोलादी, सोनेरी कॅलिपरचे कार्बन सिरॅमिक. सोनेरी बघून हुरळू नका, त्या डिस्कचा एक संच म्हणजे एका नव्या छोट्या गाडीचे पैसे. पोलादी डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. व्हर्नियर लावून मोजा, आणि भोकांमधल्या केसासारख्या चिरा बघा.

पावसाळ्यात चालवायची की कव्हर घालून ठेवायची?

चालवा. पण डीएससी (चाकं घसरू न देणारी यंत्रणा) बंद करू नका, आणि टायरची नक्षी तीन मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर जूनच्या आधी बदला. कायदा १.६ म्हणतो, पण एवढा रुंद टायर त्याआधीच पाण्यावर तरंगायला लागतो.

साचलेल्या पाण्याची मर्यादा २५ सेंटिमीटर, तीसुद्धा चालण्याच्या वेगाने. हे फुटपाथच्या कडेपेक्षा थोडंच जास्त आहे. हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या दिवशी लोकलने जा. पाण्यात इंजिन बंद पडलं तर स्टार्टचं बटण परत दाबू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर तो दुसरा प्रयत्नच इंजिन संपवतो. फ्लॅटबेड बोलवा.

जुनी गाडी घेताना पुराची खूण शोधायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. टोकाला मातकट रेघ, सीटखालच्या रुळांवर गंज आणि भरमसाट अत्तराचा वास, यातली दोन सापडली तरी निघा.

गाडी बरेच दिवस उभी राहते. काय काळजी घ्यायची?

बॅटरी डिकीत आहे. काही गाड्यांत कारखान्यातूनच लिथियम बॅटरी आलेली असते. तिला साध्या बॅटरीचा चार्जर लावू नका, लिथियमचा मोड असलेला मेंटेनर घ्या. नवी बसवली की तिची नोंद गाडीच्या संगणकात करावी लागते, नाहीतर चार्जिंग जुन्या बॅटरीच्या हिशोबाने चालू राहतं.

दुसरा शत्रू उंदीर. गरम इंजिनाच्या उबेला येतो आणि वायरिंग कुरतडतो. आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून टॉर्चने बघा, लेंड्या दिसल्या की जागा बदला. आणि दहा दिवसांतून एकदा गाडी तेल ९० अंशांपर्यंत तापेल इतकी, निदान २५ किलोमीटर चालवा. जागच्या जागी पाच मिनिटं सुरू ठेवण्याने फायदा नाही, उलट एक्झॉस्टमध्ये पाणी साठतं.

रिमॅप करावा का?

४३१ कमी पडतात असं कोरड्या रस्त्यावर प्रामाणिकपणे वाटत असेल तर टायर नवे घ्या. बाकी परिणाम वर आलेच आहेत: हब, चार्ज पाइप, प्लग. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलेला डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्टचा पाइप) असेल तर पीयूसी अडतो, केबिनमध्ये वास येतो. आधीच्या मालकाने रिमॅप करून मूळ फाइल परत टाकली असेल तर एअरबॉक्सजवळच्या (एअर फिल्टरच्या डब्याजवळच्या) सेन्सरांच्या वायरींवर नव्या टेपचे तुकडे आणि क्लिपांवर पेचकसाचे व्रण दिसतात.

विम्यात काय पाहिजे?

इंजिन प्रोटेक्ट जोड हवाच, कारण पाणी शिरून झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही. झीरो डेप्रिसिएशन या वयाच्या गाडीला सगळे देत नाहीत, दोन-तीन ठिकाणी विचारा. मालकी बदलल्यापासून १४ दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करायचा अर्ज द्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्यासोबत जातो, तुम्हाला मिळत नाही. ट्रॅकवर शर्यतीत झालेलं नुकसान कुठलीच साधी पॉलिसी देत नाही.

भाऊ लंडनला आहे, तिथे ही गाडी फारच स्वस्त दिसते. तिकडून आणता येईल?

नाही. तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी वापरलेली म्हणून आयात होत नाही, आणि एफ८२ चं उत्पादन २०२० मध्येच थांबलं. दुबईची तर डाव्या स्टिअरिंगची. तिकडच्या भावाकडून गाडीऐवजी गॅस्केट, सेन्सर असे हलके भाग मागवा, भाग क्रमांक सांगून.

बीएमडब्ल्यूच्याच एम२ कॉम्पिटिशन या गाडीला हे सगळं लागू आहे का?

इंजिनाचं जवळजवळ सगळं, कारण तिच्यातही एस५५ च आहे, ४१० अश्वशक्तीच्या ट्यूनमध्ये. टायरची मापं आणि बाहेरच्या पत्र्याचं वेगळं.

उद्या विकायची वेळ आली तर?

मूळ एक्झॉस्ट, मूळ चाकं, मूळ एअरबॉक्स, जे काही बदललं असेल ते माळ्यावर जपून ठेवा. बिलं किलोमीटरच्या क्रमाने एका फाइलमध्ये लावा आणि प्रत्येकावर त्या दिवशीचा मीटर लिहा. जाहिरात गणपतीच्या आधी टाका. पितृपक्षात फोन येत नाहीत, आणि दिवाळीनंतर गिऱ्हाईक नव्या वर्षाच्या नोंदणीची गाडी मागतं.